पावडर कोरडी हवी

परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बरीच वर्षं टेक्निशियन होते. ती लॅब एका मोठ्या कंपनीने घेतली, मशिनं नवी मुंबईला गेली आणि आम्हा जुन्यांना सांगितलं गेलं, यायचं असेल तर तिकडे या. मी गेले नाही. चाळिशी ओलांडलेली, रोजचा तेवढा प्रवास नको वाटला. दुसरीकडे काही मिळेपर्यंत बाबांच्या गाळ्यात जाऊन बसू, फोन घेऊ, बिलं करू, असं ठरवलं.

गाळा घोडपदेवला आहे. दोन्ही बाजूंना लेथवाले, वेल्डिंगवाले आणि मध्ये आमची अ‍ॅल्युमिनियमची भट्टी. पूर्वी त्या गल्लीत आमच्यासारख्या कितीतरी फाउंड्र्या होत्या. त्या एकेक करत वसईला, भिवंडीला गेल्या. बाबा राहिले. पुली, हँडल, मशीनची झाकणं, कोणाच्या जुन्या पंख्याचा मोडलेला भाग, असं जे येईल ते ओतून द्यायचे. त्यांच्याबरोबर आमचा एक कारागीर होता, बस्ती जिल्ह्यातला, अबोल माणूस. वाळूचे साचे तो इतके सुबक करायचा की बोट लावायला भीती वाटावी.

मी लहानपणापासून गाळ्यात जात-येत होते, पण बाबांचा डबा पोचवण्यापुरतीच. भट्टीजवळ मला कधी उभं राहू दिलं नव्हतं. आता तिथे बसायला लागल्यावर लक्षात आलं की बाबांना नीट दिसत नाही. काचबिंदू होता, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. थेंब घालायचे, तपासणीला जायचं, पण गाळ्यात त्याचा काय अर्थ होतो ते आम्हाला कळलंच नव्हतं. वितळलेल्या धातूवर साय धरलेली आहे की तो आरशासारखा साफ झालाय, हे त्यांना आता दिसत नव्हतं. ते आवाजावर आणि वासावर चालवत होते. एक दिवस त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "इकडे ये. वर काय दिसतंय ते सांग."

त्या दिवसापासून मी भट्टीजवळ उभी राहायला लागले.

अ‍ॅल्युमिनियम वितळवणं अवघड नाही, साफ करणं अवघड आहे. हवा लागली की त्याच्यावर लगेच कातडी धरते. भंगारातून आलेला रंग, तेल, धूळ, सगळं त्यात मिसळतं. शिवाय पाण्याचा अंश कुठूनही आला की धातू त्यातला वायू पिऊन घेतो आणि थंड होताना सोडतो, म्हणजे ओतलेल्या वस्तूत टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. यासाठी फ्लक्स असतो. गाळ्यात त्याला नुसतं पावडर म्हणतात. दिसायला जाड्या मिठासारखी, आणि खरंच बरीचशी मिठंच असतात त्यात. धातू वितळायला लागला की ती वर भुरभुरायची, म्हणजे पांघरूण होतं. मग आणखी थोडी टाकून लोखंडी दांड्याने सावकाश आत फिरवायची. आतला मळ तिला धरून वर येतो, सुटा होतो, कोरड्या राखेसारखा. तो झाऱ्याने काढून घ्यायचा. शेवटी एक गोळी असते, ती घंटेच्या आकाराच्या लोखंडी टोपीत धरून थेट मुशीच्या तळाशी दाबायची. मूस म्हणजे ज्यात धातू वितळतो ते भांडं. गोळीचे बुडबुडे खालून वर येताना वायू घेऊन बाहेर पडतात. बुडबुडे थांबले की थोडं निवू द्यायचं आणि मग ओतायचं.

हे सगळं मला लॅबमधल्या कामासारखंच वाटलं. प्रमाण, वेळ, कोरडेपणा, स्वच्छता. पहिल्या महिन्यातच मी पावडरीचा डबा उघडा ठेवण्यावरून कारागिराशी वाद घातला, कारण ती पावडर हवेतलं पाणी ओढते. बाबा नुसते हसले. लॅबचे फोन येत होते, एकदोन ठिकाणी मुलाखतीही झाल्या. पण मी त्या जागांबद्दल घरी फारसं बोलेनाशी झाले.

आमची चाळ पाडून त्या जागेवरच्या लोकांना करी रोडला टॉवरमध्ये घरं मिळाली त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. घरं चांगली होती. पाणी चोवीस तास, स्वतःचा संडास, बाविसाव्या मजल्यावर वारा असा की आई खिडकी उघडायला घाबरायची. अडचण एकच, म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा नव्हती. चाळीत गॅलरी होती. सकाळी निवडण-टिपण, दुपारी गप्पा, संध्याकाळी नुसतं बसणं, सगळं तिथेच. टॉवरच्या खाली लॉबीत मोठा सोफा होता, पण त्यावर कोणी आजी टेकली की सिक्युरिटीचा पोरगा नम्रपणे विचारायचा, "कोणाकडे आलात?" एकदा त्याने माझ्या आईलाच विचारलं. आई म्हणाली, "माझ्याकडेच आलेय."

इमारतीच्या मागे थोडी मोकळी जागा होती, दोन झाडंही लावली होती. तिथे बाकं टाकावीत असं सोसायटीच्या बैठकीत निघालं. लोखंडी गंजतात, प्लॅस्टिकची उन्हाने तडकतात, अशी चर्चा चालू असताना आमच्या मजल्यावरची एक बाई म्हणाली की प्रत्येकाच्या माळ्यावर अ‍ॅल्युमिनियमची भांडी पडून आहेत. डॉक्टरांनी त्यात शिजवू नका सांगितल्यापासून कोणी वापरत नाही, आणि चाळीतून निघतानाही कोणी टाकली नाहीत. त्यांचं काही करता येईल का? सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी लगेच हो म्हटलं. बाजूचे नक्षीदार पाय आपण ओतू, मधल्या लाकडी पट्ट्या सुतार बसवेल.

त्या बैठकीत मागच्या रांगेत काका बसले होते. 

काकांबद्दल सांगायला हवं. ते माझे सख्खे काका नाहीत. गाळा सुरू केला तो बाबांनी आणि त्यांनी मिळून. दोघं गिरणीतल्या नोकरीत एका खात्यात होते, गिरणी बंद पडल्यावर त्यांनी ओतकाम शिकून घेतलं. आम्ही बौद्ध, ते मालवणकडचे. माझ्या लहानपणी पौर्णिमेची खीर त्यांच्या घरी जायची आणि त्यांच्या गणपतीचे मोदक आमच्याकडे यायचे. मी शाळेत असताना त्यांच्या हातून पंपांची एक मोठी ऑर्डर बिघडली. गिऱ्हाइकाने लेथवर चढवून बघितलं तर आत सगळी भोकं. टेम्पो भरून माल परत आला. बाबा म्हणाले, तू पावडर नीट फिरवली नाहीस. काका म्हणाले, तू गोळी पुरती उकळू दिली नाहीस, घाई केलीस. दोघंही तापट. काकांनी अंगावरचा चामडी एप्रन काढून खिळ्याला टांगला आणि ते गेले ते परत गाळ्यात आलेच नाहीत. पुढे लोअर परळला एका कारखान्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले.

चाळीतल्या काही लोकांनी त्या भांडणाला वेगळा रंग द्यायचा प्रयत्न केला. तसं काही नव्हतं, आणि कोणी तसं बोललं तर दोघंही, आपापल्या दारात उभे राहून, त्याला गप्प करायचे. पण एकमेकांशी बोलले नाहीत ते नाहीतच. आई आणि काकू मात्र कधीच थांबल्या नाहीत. खीर आणि मोदक जात-येत राहिले. चाळीत आमच्यामध्ये चार खोल्यांचं अंतर होतं. टॉवरमध्ये चिठ्ठ्या टाकून घरं वाटली तेव्हा काकांचं दार बरोबर आमच्या दारासमोर आलं.

भांडी जमायला लागली. पातेली, टोप, ताटल्या, इडलीचे साचे, पिशवीत बांधलेली झाकणं, बुडाला काळे झालेले कुकर. कोणीही भंगार म्हणून दिली नाहीत. बायकांनी सगळी साबण लावून, चिंचेने घासून, लख्ख करून दिली. एक आजोबा गिरणीतला डबा घेऊन आले आणि मला म्हणाले, "हा कुठल्या बाकात जाईल ते सांगशील ना?" मी सांगितलं की सगळं एकत्र वितळणार, वेगळं काढता येणार नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि डबा तरीही दिला.

पहिल्याच खेपेला कळलं की हे काम वाटतं तसं नाही. भांड्यांचा पत्रा जवळजवळ शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा असतो. तो ओढून-दाबून आकार घ्यायला चांगला, पण साच्यात वाहत नाही. बाकाच्या पायाला वेल-पानांची नक्षी होती. धातू अर्ध्या वेलीपर्यंत गेला आणि गोठला. बाबांना ते अपेक्षित होतं. त्यांनी मोटारींचे जुने पिस्टन मागवले, कारण त्यांच्यातल्या धातूला वाहण्याचा गुण असतो. आधी पिस्टन वितळवून मुशीत तळं करायचं आणि मग भांडी त्यात बुडवायची. पातळ पत्रा वरच तरंगत राहिला तर जळून नुसता मळ होतो.

दुसऱ्या खेपेला कारागीर एक चेपलेलं पातेलं सांडशीने आत दाबत होता आणि फट् असा आवाज झाला. मुशीतून धातू उसळला. थेंब भिंतीवर आणि जमिनीवर पडले, एक त्याच्या बुटावर. त्याला काही झालं नाही, बूट चामड्याचा होता. पण बाबांनी तिथल्या तिथे बर्नर बंद केला. ते स्टुलावर बसले. त्यांना काय झालं ते दिसलंच नव्हतं, नुसता आवाज ऐकू आला होता. मी त्यांना पाणी दिलं.

मी उरलेली भांडी उलटसुलट करून बघितली. कोरडी होती, मी स्वतः उन्हात ठेवली होती. मग एका पातेल्याची कड बघितली. पातेल्याचा काठ बाहेर वळवलेला असतो, नळीसारखा. हॅकसॉने ती कड कापली तर आतून साबणाचं पाणी निघालं. बायकांनी इतकी मनापासून घासली होती की पाणी वळलेल्या काठात शिरून बसलं होतं.

त्यानंतर आम्ही प्रत्येक भांड्याची कड कापली, कुकरचे हँडल आणि खिळे काढले, आणि सगळं भट्टीच्या तोंडावर चांगलं तापवूनच आत घातलं. उसळणं थांबलं. साचाही पूर्ण भरला. पाय बाहेर काढला तेव्हा नक्षी सुरेख उमटली होती आणि मला वाटलं, झालं. कारागिराने कानस फिरवली तर खाली भोकंच भोकं. तो पाय उचलून ठेवताना हातातून निसटला आणि दोन तुकडे झाले.

बाबा तुकड्यांवरून बोटं फिरवत राहिले. मी नवी पावडर आणली होती, मंद आचेवर तापवून कोरडी केली होती. प्रमाण पाकिटावरचंच. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्यात मळ काढायचं काम त्याचं होतं. त्याचा हात चांगला होता." एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून काकांचं नाव सोडाच, उल्लेखही मी ऐकला नव्हता. मी काही विचारण्याआधीच ते साच्यांकडे गेले.

एक तुकडा मी घरी नेला. नीट उजेडात बघावा असं मनात होतं. लिफ्टमध्ये काका होते, दुधाची पिशवी घेऊन. पिशवीतून डोकावणारा तुकडा त्यांना दिसला. त्यांनी हात पुढे केला आणि मी दिला. बाविसावा मजला आला, दार उघडलं, तरी ते तुकडा फिरवून फिरवून बघत होते. काका बाहेर साधं मुंबईचं मराठी बोलायचे, पण कामाचा विषय निघाला की मालवणी सुरू व्हायची, हे मला लहानपणापासून आठवत होतं.

मी विचारलं, "पावडर कमी पडली का काका?"

"नुसतो तुकडो बघून कायएक कळाचा नाय," ते म्हणाले. "भट्टी बघूक व्हयी."

मी म्हटलं, मग या ना. त्यांनी तुकडा परत दिला, दार उघडून आत गेले. मी आईला सांगितलं. आईने रात्रीच्या भाकरी उरकल्या. मग समोरचं दार वाजवून काकूकडे गेली आणि बराच वेळ तिथेच बसली. परत आल्यावर बाबांना एवढंच म्हणाली की उद्या गाळ्यात माणूस येईल, त्याला चहा पाजा. कोण ते बाबांनी विचारलं नाही. त्यांना माहीत होतं.

काका सकाळी आले. धुतलेला जाड सुती शर्ट, पायात जुने सेफ्टी बूट, कारखान्यातून रिटायर होताना आणलेले. आल्यावर त्यांनी गाळ्याभर नजर फिरवली. बाबा भट्टीपाशी पाठमोरे उभे होते, वळले नाहीत. दोघांचीही पंचाईत झाली होती आणि मधल्या मधे माझी.

मग जे सुरू झालं ते आठवून मला अजून हसू येतं. काका मला म्हणायचे, "बापाशीक सांग, आच जास्त झाली." बाबा त्यांच्यापासून दोनच हातांच्या अंतरावर उभे. ते मला म्हणायचे, "त्याला सांग, बर्नर नवीन आहे, हळूहळूच कमी होतो." मी दोघांकडे आळीपाळीने बघायचे. कारागीर डोळे खाली घालून वाळू चाळत होता, पण खांदे हलत होते.

काकांनी दोन गोष्टी बघितल्या. एक म्हणजे आम्ही धातू फार तापवत होतो. भांडी लवकर विरघळावीत म्हणून बाबांनी आच वाढवलेली, आणि धातू जितका तापेल तितका जास्त वायू पितो. हे बाबांनाही ठाऊक होतं, पण मुशीचा रंग दिसत नसल्यामुळे अंदाज चुकत होता. दुसरं माझं. मी पावडर वर टाकून लगेच मळ काढत होते. काका म्हणाले, तिला काम करायला वेळ दे. त्यांनी माझ्या हातून दांडा घेतला नाही. माझ्या शेजारी उभं राहून मलाच फिरवायला लावला, तळापासून वर, सावकाश, धातू उसळू न देता. चिकट, ओला दिसणारा मळ हळूहळू फुलला, रंग बदलला आणि कोरड्या राखेसारखा सुटा झाला. "आता काढ," ते म्हणाले. मी तापवलेल्या झाऱ्याने तो कडेला ओढला. खाली धातू असा निघाला की त्यात वरच्या पत्र्याच्या छपराचा उजेड दिसत होता. मी बाबांना सांगितलं, "छप्पर दिसतंय." बाबांनी मान हलवली.

मग गोळी. काकांनी ती टोपीत घालून तळाशी दाबली. खदखद सुरू झाली, पांढरा धूर आला, आम्ही तोंडावर मास्क ओढले. धूर कमी झाला. वरून धातू शांत दिसायला लागला. काकांनी टोपी बाहेर काढली आणि मूस उचलायची खूण केली. मी आणि कारागीर सांडशीला हात घालणार तेवढ्यात बाबा बोलले.

"थांब. अजून उकळतंय."

ते मला म्हणाले नव्हते. मान किंचित तिरकी करून ऐकत होते, आणि तोंड काकांकडे होतं.

काकांचा हात हवेत थांबला. त्यांनी वाकून बघितलं. मीही बघितलं, मला काही दिसलं नाही, ऐकूही आलं नाही. थोड्या वेळाने एका कडेला एक बुडबुडा आला. मग आणखी एक.

"हां, मी थांबलंय," काका म्हणाले.

आम्ही सगळे उभे राहिलो. बाहेर लेथ चालू होता, कोणाचं तरी भजन मोबाइलवर लागलं होतं. बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "आता," आणि काका म्हणाले, "हां, आता." आम्ही मूस उचलली. वेलीच्या शेवटच्या पानापर्यंत धातू गेला, वरच्या भोकातून चंदेरी गोळा डोकावला तेव्हा कळलं की साचा भरला.

थंड झाल्यावर कारागिराने कानस मारली. मग आणखी खोल मारली. मग त्याने तो पाय उचलून आपणहून बाबांच्या हातात दिला. बाबांनी अंगठा फिरवला. एकही भोक लागलं नाही म्हणून पुन्हा फिरवला.

चहा आला. दोघं एकाच फळीवर बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. मी साच्याची वाळू झाडत होते, जवळच होते.

काका कपाकडे बघत म्हणाले, "त्या पंपात काय चुकला, ता माका आजून कळूक नाय."

बाबा म्हणाले, "मला पण नाही. पावसाळा होता. वाळूच ओली असेल."

"आसात."

"किंवा मी घाई केली असेन."

काकांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले की त्या दिवसांत त्यांच्या मुलाला टायफॉइड झाला होता, रात्ररात्र झोप नव्हती, कदाचित त्यांनीही पावडर धड फिरवली नसेल. बाबांना मुलाचं आजारपण आठवत होतं. त्यांनी विचारलं, मुलगा आता कुठे असतो. समोरच्याच दारातलं घर, पण बाबांना खरंच माहीत नव्हतं. काकांनी सांगितलं, दुबईला. नात गणितात हुशार आहे तेही सांगितलं. पंपांचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी काका कोणी न बोलावता आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरून स्वतःचा झारा आणला. उरलेले पाय आम्ही त्याच महिन्यात ओतले. एक-दोन बिघडले, पण का बिघडले ते आम्हाला कळत होतं, आणि कळलं की पुन्हा वितळवता येतं. ही या धातूची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे. लॅबमध्ये बिघडलेला नमुना फेकून द्यावा लागायचा.

बाकं मागच्या जागेत बसवली तेव्हा कसलाही समारंभ झाला नाही. सोसायटीचे लोक फीत कापायचं ठरवत होते, तोवर बायका जाऊन बसल्याही होत्या. दुपारी ऊन असतं म्हणून पश्चिमेकडचं बाक सरकवायला लागलं. डबा देणारे आजोबा एका बाकाच्या पायावर हात ठेवून बसतात. डबा त्यातच आहे असं त्यांनी ठरवून टाकलंय आणि मी ते खोडून काढत नाही. सिक्युरिटीचा पोरगाही जेवणाच्या सुट्टीत तिथे टेकतो. आई त्याला विचारते, "कोणाकडे आलास?" तो लाजतो.

त्यानंतर मी नोकरी शोधणं सोडलं. तसं ठरवून नाही. एका लॅबमधून हो आलं होतं आणि त्यांना फोन करायचा राहून गेला. आठवड्याने केला तेव्हा माझं मलाच कळलं की मी नाही म्हणणार आहे. बाबांना सांगितल्यावर ते म्हणाले, "विचार केलास ना नीट?" मी म्हटलं, केला. त्यांनी गाळ्याची दुसरी किल्ली माझ्यापुढे ठेवली. मी पहिल्यांदा काय केलं असेल तर धूर ओढणारा मोठा पंखा बसवला आणि कमी धुराच्या गोळ्या शोधून आणल्या. त्या गोळ्यांवर काकांचा अजूनही विश्वास नाही. वापरतात, पण कुरकुरत.

या हिवाळ्यात गिरगावातून एक बोलावणं आलं. एका वाडीतल्या जुन्या इमारतीची डागडुजी चालली होती. गॅलरीच्या बिडाच्या कठड्यातले कितीतरी नक्षीचे तुकडे गळून गेले होते. तसेच तुकडे हवे होते, पण वजनाला हलके. मोजमाप घ्यायला मी एकटीच जाणार होते. सकाळी बसस्टॉपवर पोचले तर दोघं आधीच तिथे उभे. बाबांच्या डोक्याला टोपी, काकांच्या हातात कॅलिपर.

वाडीत तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आम्हाला गॅलरीत नेलं. मी शाबूत राहिलेल्या एका तुकड्यावर कागद धरून पेन्सिल घासत नक्षी उतरवत होते. बाबा बोटांनी तीच नक्षी चाचपत होते. कमळ आहे म्हणाले. काका म्हणाले, कमळ नाही, सूर्यफूल. धातू थंड होताना आकसतो म्हणून लाकडी नमुना किती मोठा ठेवायचा यावरून त्यांची जुंपली. बाईंनी घाबरून मला हळूच विचारलं, "भांडतायत का हो?"

मी म्हटलं, "नाही, काम करतायत," आणि कागद दुसऱ्या पाकळीवर सरकवला.